नदीकाठ कुणी उचलला?

१

दादाच्या शहराचा नदीकाठ कुणीतरी उचलला, हे आत्याला फोनवर कळलं तेव्हा ती दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती. भाच्याची झोप झालेली नसावी, असंच तिला आधी वाटलं.

"कसलं शहर?"

"टॅबवरचं गं, आत्या. आम्ही सगळे मिळून खेळतो ते. नदीकाठचा भाग पूर्ण रिकामा आहे. बाबा कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. धड जेवत नाहीत, हाताचा व्यायाम तर नाहीच नाही. तू ये. तुला हे जमतं."

तुला हे जमतं, हे वाक्य आत्या आयुष्यभर ऐकत आली होती आणि तिला त्याचा मनस्वी कंटाळा आला होता. ती विमा कंपनीत चौकशी अधिकारी होती. दुकान जळलं, गोदाम फुटलं, की खरं काय घडलं ते बघायला तिला पाठवायचे. खोदून खोदून विचारायची म्हणून ऑफिसात तिच्यामागे तिला ‘कुदळ’ म्हणत. या कुदळीने बरंच काही उकरून काढलं, पण सत्य बाहेर आलं म्हणून एखादं घर सुखी झाल्याचं काही तिच्या पाहण्यात नव्हतं. आग लावणारा सख्खा भाऊच निघायचा, आणि म्हातारी आई दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघायची. निवृत्त झाली त्या दिवशी आत्याने कानाला खडा लावला, की आता "त्या वेळी तुम्ही कुठे होता" हे कुणालाही विचारायचं नाही.

पण दादा म्हणजे दादा. गुडघ्याला पट्टा बांधून ती निघाली.

दार वहिनीने उघडलं. हात ओले, पदर खोचलेला. "या वन्सं," म्हणाली आणि चहा टाकायला आत वळली. वहिनीला कुणी चहा टाक म्हणून सांगावं लागत नसे. माणूस दारात दिसलं की तिचे पाय आपोआप गॅसकडे वळत.

दादाला झटका आल्यापासून त्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्दही मोजके उरले होते. हाताला चाळा द्या, त्याला आवडेल असं काहीतरी करायला लावा, असं व्यायाम घेणाऱ्याने बजावलं होतं. म्हणून भाच्याने हा खेळ आणला. वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे एकमेकांत बसवून शहर उभं करायचं. कुठे घर, कुठे बाजार, कुठे शाळा. घराला रस्ता मिळाला आणि जवळ बाग असली, की त्याच्या खिडकीत दिवा लागतो. मारामारी नाही, घड्याळ नाही, लहानथोर सगळ्यांनी मिळून खेळायचं. रोज संध्याकाळी सगळं घर दादाच्या पलंगाभोवती जमायचं आणि तो लुळ्या हाताने एक एक घर सरकवायचा. अख्खा पावसाळा गेला होता त्या नदीकाठात.

आत्या पलंगाच्या कडेला टेकली. "दादा, मी आलेय."

भिंतीकडूनच आवाज आला. "कं... टाळले."

"कोण कंटाळले?"

त्याने चांगला हात उचलून सगळ्या घरावरून फिरवला. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मला."

म्हणजे हे शहराचं दुखणं नव्हतंच. घरातल्या कुणालातरी आपली इतकी शिसारी आली, की त्याने आपण बांधलेलं मोडून टाकलं, असं या माणसाने मनाशी धरलं होतं. 

ती बाहेर आली तसं भाच्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आत्या, कुणी केलं ते मला माहीत आहे. माझ्या बायकोने केलंय."

२

"माहीत आहे तर मला कशाला बोलावलंस?" आत्या खुर्चीत बसत म्हणाली.

"ती कबूल करत नाही म्हणून."

भाचा भला माणूस होता, पण डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की बसली. त्याने बोटांवर मोजून सांगितलं. परवा सकाळी चहाच्या वेळी बायको म्हणाली होती, तुमचं हे शहर एकदाचं बंद करा, माझी सगळी कामं पडून राहतात. परवाच ती घरून काम करत होती. दुपारी बाबा झोपलेले. टॅब बाहेरच्या खोलीत, स्टँडवर. संध्याकाळी बघतात तर नदीकाठ साफ.

"तू कुठे होतास?" शेवटी आत्याने विचारलंच. तोंडाला सवय.

"जेवायला येऊन गेलो होतो. आमची छोटी शाळेतून लवकर आली होती. पण आत्या, खरी गोष्ट पुढेच आहे. टॅबची काच पुसलेली होती. लख्ख. एरवी त्यावर आमच्या सगळ्यांची बोटं उमटलेली असतात. ठसे पुसलेत, आत्या. आणि आमच्या घरात स्क्रीन पुसायचं खास कापड कुणाकडे आहे? हिच्याकडे."

आत्याने डोळे मिटले. टीव्हीवरच्या मालिकांनी चांगली चांगली माणसं बिघडवली, असं तिचं जुनं मत होतं. "घरात आणखी कोण काय म्हणालं?"

"छोटी रडली. आई म्हणाली, माझ्याकडूनच झालं असेल, उगाच भांडू नका. तिचं नेहमीचंच. घरात कप फुटला तरी आई अंगावर घेते. तिला तो टॅब चालू तरी करता येतो का?"

सूनबाई आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती, पण स्क्रीन काळी पडलेली होती.

"बसा आत्या," ती म्हणाली. "त्यांचं सांगून झालं ना? आता मी उगाच वेळ घेत नाही. मी बोलले, हे खरं. बंद करा म्हणाले, हेही खरं. दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी दोन तास शहर, मग रात्री राहिलेलं काम. दमते हो मी. पण बाबांचं मोडून टाकायला मी काय राक्षसीण आहे का?"

"नाहीस," आत्या म्हणाली.

यावर सूनबाईचे डोळे भरून आले. सरळ उत्तराची तिला अपेक्षा नसावी. "माझं पिवळं घर त्या नदीकाठी होतं. पहिल्या आठवड्यात बाबांनी स्वतःच्या निळ्या घराशेजारी बसवलं होतं. लुळ्या हाताने. ते मी मोडीन?"

"हे नवऱ्याला सांगितलंस?"

"ज्याला विचारायचंच नाही त्याला काय सांगायचं? दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात जागा निघालीय. इतके दिवस नाही म्हणत होते. आज संध्याकाळी होकार कळवणार आहे, आणि छोटीला घेऊन जाणार आहे."

तिने लॅपटॉपवर बोट टेकवलं. होकाराची मेल लिहून तयार होती. पाठवणं तेवढं बाकी होतं.

३

आत्या टॅब मांडीवर घेऊन बसली. छोटी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. नऊ-दहा वर्षांची, नाकावर राग.

"तुझ्यावर संशय घेऊ का?" आत्याने विचारलं.

"घे. आजोबांनी माझं प्राणिसंग्रहालय नदीकाठावरून काढून कारखान्याशेजारी टाकलंय. माझी माकडं धुरात राहतात. पण मी मोडलं नाही. मी मोडलं असतं तर हातोड्याने मोडलं असतं."

"म्हणजे?"

"हा बघ हातोडा. हा मारला की घर पडतं, धूळ उडते आणि विटा पडून राहतात. इथे विटा आहेत का?"

विटा नव्हत्या. आत्या जरा सावरून बसली. जळालेल्या दुकानात राख कमी निघाली, तर माल आधीच हलवलेला असतो, हे ती कितीतरी वेळा शिकली होती. "मग घरं गेली कुठे?"

"खालच्या पट्टीत. बोटाने उचललं की तुकडा पट्टीत जाऊन बसतो. पहिला उचललेला सगळ्यात डावीकडे."

पट्टीत सगळा नदीकाठ ओळीने ठेवलेला होता. एकही तुकडा कमी नाही, एकही मोडलेला नाही. रागावलेलं माणूस असं वागत नाही. रागावलेलं माणूस हातोडा घेतं. हे ज्याने काढलं, त्याला ते परत लावायचं होतं.

आत्याने चष्मा पुसला आणि छोटीला प्रत्येक तुकड्याची मूळ जागा विचारली. हळूहळू क्रम दिसू लागला. नदीकाठाला जायला या बाजूने एकच पूल होता. उचलणाऱ्याने पहिल्यांदा पुलापासून सगळ्यात लांबचा, तटबंदीच्या कोपऱ्यातला तुकडा काढला होता. मग एक आडवी ओळ, मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची. असं मागे मागे येत सगळ्यात शेवटी पुलाच्या तोंडाशी.

"कुणी असं काढतं?" छोटी म्हणाली. "जवळचं आधी काढतात ना."

आत्याची नजर रिकाम्या नदीकाठाच्या एका टोकाला खिळली होती. तिथे, काठाबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे, एक अगदी लहान घर उभं होतं. त्याला रस्ता नव्हता, बाग नव्हती. खिडकी काळी.

"हे काढायचं राहिलं का?"

"ते आधी नव्हतंच," छोटी टॅबवर आणखी वाकली. "आणि ते पांढरं आहे. बाबा हिरवे, आई पिवळी, आजोबा निळे, मी लाल. पांढरं छप्पर आमच्यात कुणाचंच नाही."

"मग कुणाचं?"

"सुरुवातीला नाव निवडायचं नसेल तर पांढरं मिळतं," छोटी म्हणाली. "तिथे लिहिलेलं असतं, ‘पाहुणा’."

४

परवा घरात पाहुणा आला होता का, हे आत्याने सगळ्यांना विचारून घेतलं. व्यायाम घेणारा सकाळीच येऊन गेला होता आणि तेव्हा दादा जागा होता. दुपारी बेल वाजली नव्हती. शेजारचंही कुणी नाही.

मग तिने एक साधी गोष्ट केली. खेळात सरावासाठी म्हणून एक छोटं तयार गाव होतं. ते उघडून तिने एकेकाला बोलावलं आणि तिथला बाजार उचलून दाखवायला सांगितला. कशासाठी, ते सांगितलं नाही. छोटीने आधी लाल रंगाचं सगळं वेचलं. भाच्याने सगळ्यात मोठी इमारत धरली, मग त्याहून लहान. सूनबाईने जवळच्या कडेपासून सुरुवात केली आणि आत आत गेली. तिघांतलं कुणीच कोपऱ्यात जाऊन मागे मागे आलं नाही. दादाचा तर प्रश्नच नव्हता. एक घर सरकवताना त्याला घाम फुटायचा.

"मग राहिलं कोण?" भाचा म्हणाला. "भूत?"

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पुन्हा आतल्या खोलीत गेली आणि दार बंद झालं. बाहेर ऊन उतरत चाललं होतं.

आत्या भिंतीला डोकं टेकून बसली. अंग आंबून गेलं होतं. आपण थकलोय हे खरं, पण नुसत्या वयाने नाही, असं तिला वाटलं. प्रत्येक घरात शिरायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं, आणि आपलीच माणसं संशयाच्या उजेडात किती लहान दिसतात ते सोसायचं. इथे तर माणसं खरोखरच आपली होती.

"वन्सं, पाय वर घ्या जरा."

वहिनी फरशी पुसत होती. पोरीच्या हातून सांडलेलं सरबत पायाला चिकटतंय म्हणाली, आणि एक कोपरा पुसायचा तर सगळीच खोली पुसून घेते. आत्याने पाय वर घेतले आणि सहज बघत राहिली. वहिनी आधी खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली होती. तिथून एक आडवा पट्टा, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. ओल्यावर पाय पडू नये म्हणून बसल्या बसल्या मागे सरकत ती दाराच्या दिशेने येत होती. उंबऱ्याशी पोचल्यावर तिने शेवटचा हात फिरवला, पदराला हात पुसले, आणि जाता जाता स्टँडवरच्या टॅबवरूनही पदर फिरवला. काच लख्ख झाली.

आत्या ताठ बसली.

आल्यापासून तिने घरातल्या प्रत्येकाची चौकशी केली होती. फक्त एकीकडून नुसता चहा घेतला होता, तोही दोनदा.

५

वहिनी स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत होती. आत्या दारातच थांबली. नेहमीसारखं धारदार काही विचारायचं तिच्या जिवावर आलं.

"वहिनी, पांढरं घर तुझं ना?"

वहिनीचा हात पातेल्यावर तसाच राहिला. मग ती ओट्याला टेकली. "मी सांगितलं होतं त्याला. माझ्याकडूनच झालं म्हणून. कुणी ऐकलंच नाही."

"पुन्हा का नाही सांगितलंस? सूनबाई घर सोडून निघालीय."

"निघालीय?" वहिनीचा चेहरा उतरला. "मला वाटलं दोन दिवस धुसफुस करतील आणि विसरतील. वन्सं, लाज वाटली हो. या वयात खेळातलं घर हवं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगू? दुपारी हे झोपलेले असतात. सगळ्यांची घरं आहेत तिथे, माकडांना सुद्धा जागा आहे. म्हटलं एक आपलंही टाकावं, यांच्या निळ्या घराशेजारी. पण तिथे तसूभर जागा नव्हती, म्हणून तात्पुरतं टाकीमागे ठेवलं. एक सरकवलं की दुसरं अडायचं. मग म्हटलं, फडताळ आवरतो तसं सगळं काढू आणि पुन्हा नीट लावू. काढलं सगळं. आणि लावायला घेणार तेवढ्यात हे जागे झाले, पाणी मागितलं. मग त्यांचं अंग पुसणं, मग औषध, मग तुमचा मुलगा... नाही, भाचा आला." ती कसनुसं हसली. "दमलं ना की नातीही चुकतात."

"चल," आत्या म्हणाली.

"नको. हसतील."

"हसू देत. दादाला काय वाटतंय ते ऐकलंयस का? त्याला वाटतंय, तुम्ही सगळे त्याला कंटाळलात."

वहिनी गॅस तसाच ठेवून निघाली. आत्याने जाताना सूनबाईच्या दारावर थाप मारली. "मेल नंतर पाठव. आधी बाहेर ये."

सगळे दादाच्या पलंगाभोवती जमले, संध्याकाळी जमायचे तसे, फक्त दोन तोंडं दोन दिशांना. आत्याने फार लांबण लावली नाही. हातोडा वापरलेला नाही, म्हणजे राग नाही. तुकडे सगळे शाबूत, म्हणजे परत लावायचे होते. काढले कोपऱ्यापासून दाराकडे, जशी फरशी पुसतात. काच पुसली ती ठसे लपवायला नाही, हाताला सवय म्हणून. पांढरं घर पाहुण्याचं, म्हणजे खेळात जिचं नाव आपण कुणी घातलंच नव्हतं तिचं.

भाच्याने आईकडे पाहिलं. "आई, तू? पण तुला कुठे येतं?"

"रोज तुमच्या मागे चहा घेऊन उभी असते," वहिनी म्हणाली. "तिथून सगळं दिसतं."

भाच्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने बायकोकडे पाहिलं, काहीतरी बोलायला लागला, पण शब्द सापडेना. सूनबाई म्हणाली, "राहू दे. सावकाश बोल. आणि नीट बोल." पण ती दारातून आत येऊन छोटीशेजारी बसली.

भिंतीकडचं तोंड इकडे वळलं होतं. दादा बायकोकडे एकटक बघत होता. "कं... टाळ... लीस?"

आत्याला वाटलं, आता वहिनी नेहमीसारखं नाही म्हणून मोकळी होईल.

"कंटाळते की," वहिनी म्हणाली. "रोज कंटाळते. तुम्हाला नाही हो. कामाला. सकाळी उठल्यापासून कुणाचं ना कुणाचं चालू असतं, आणि संध्याकाळी तुम्ही सगळे एका शहरात जाऊन बसता, मी बाहेर. म्हणून तर दुपारी तिथे घर बांधायला गेले. तुमच्या शेजारी."

दादाने टॅबकडे मान हलवली. छोटीने तो त्याच्या पोटावर ठेवला. त्याने लुळा हात उचलायला घेतला. भाचा आधार द्यायला पुढे झाला, तर दादाने मान हलवून त्याला मागे सारलं. बोट पांढऱ्या घरावर टेकलं, घसरलं. पुन्हा टेकलं, पुन्हा घसरलं. त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा घर उचललं गेलं आणि रिकाम्या नदीकाठावरून हलत हलत पुलाजवळ, जिथे त्याचं स्वतःचं निळं घर असायचं, नेमकं तिथे जाऊन बसलं.

"ती तर तुमची जागा," वहिनी म्हणाली.

"आधी... तू," दादा म्हणाला. दोन दिवसांत त्याने सलग उच्चारलेले हे पहिलेच दोन शब्द होते.

आत्या मागे सरकून खुर्चीत बसली. तिचा गुडघा ठणकत होता आणि डोळ्यांत उगाच पाणी येत होतं. सगळं खरं बाहेर आलं, आणि तरी माणसं एका खोलीत बसलेली होती. असं झालेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"आजी, आता तुझा रंग निवड," छोटी म्हणाली. "पाहुणा काढून टाकू."

"थांब गं." वहिनी पलंगाच्या कडेवर बसली होती. भाच्याचा चष्मा तिने कधी नाकावर चढवला, ते त्यालाही कळलं नव्हतं. "आधी हा दिवा लागू दे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. सगळ्यांनी सवयीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पट्टीतला रस्त्याचा तुकडा उचलला, निरखून पाहिला आणि मान वर न करता म्हणाली, "कुणीतरी दूध बघा रे. मला इथे रस्ता द्यायचाय."

क्षणभर कुणीच हललं नाही. मग भाचा उठला.